विदर्भातला उन्हाळा आणि घरातली वीज: एसी न घेता भागेल का?

प्रश्न (शिक्षिका, वणी तालुका, जि. यवतमाळ), ८ मे

सर्वांना नमस्कार. आमचे गाव वणीपासून वीस-बावीस किलोमीटर आत आहे. घराच्या पुढच्या दोन खोल्या नऊ वर्षांपूर्वी बांधलेल्या असून त्यांच्यावर स्लॅब आहे. मागे स्वयंपाकघर आणि मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, खोली आहे. या दोन्ही खोल्यांच्या भिंती जुन्या, दीड हात जाडीच्या मातीच्या आहेत, पण वरचे कवेलू, म्हणजे मातीची कौले, काढून आम्हीच टिनाचे पत्रे टाकले. कवेलू दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावे लागत, माकडे ते फोडत आणि फेरणारा माणूस गावात मिळेनासा झाला होता. त्या वेळी हा निर्णय सोयीचा वाटला. आज मात्र दुपारी बारानंतर त्या खोलीत उभे राहवत नाही.

फेब्रुवारीत आमचा वीजवापर ८४ युनिट होता आणि आत्ता हाती आलेल्या बिलात तो २६८ युनिट आहे. घरात दोन कूलर आहेत. पुढच्या खोलीतला जुना लोखंडी कूलर दिवसाचे साधारण बारा तास चालतो, आणि मामाजींच्या खोलीतला प्लास्टिकचा कूलर रात्री आठ तास. याशिवाय चार पंखे, एक फ्रीज, टीव्ही आणि टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर आहे. इतके करूनही रात्री एक वाजेपर्यंत स्लॅबची धग उतरत नाही आणि मुले झोपेतून उठून बसतात.

घरातल्यांचे म्हणणे आहे की हप्त्याने एसी घ्यावा. माझ्या हाताशी या वर्षी साधारण बारा हजार रुपये आहेत. ते एसीच्या पहिल्या हप्त्यांत घालावेत, की घरात दुसरे काही केल्याने उष्णता आणि बिल दोन्ही कमी होतील, हे मला समजून घ्यायचे आहे. पाण्याचीही अडचण आहे, कारण नळ तिसऱ्या दिवशी येतो. ज्यांनी स्वतःच्या घरात काही करून पाहिले असेल, त्यांनी कृपया तपशिलाने लिहावे.

प्रतिसाद १ (वायरमन, आर्णी)

ताई, एसीचा विचार करण्याआधी आपली वीज नेमकी कुठे जाते आहे ते शोधावे, आणि त्यासाठी कोणाला बोलावण्याची गरज नाही. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी एका युनिटला किती लुकलुकी होतात तो आकडा छापलेला असतो, बहुधा ३२०० किंवा १६००. घरातले सगळे बंद करून फक्त एक वस्तू चालू ठेवावी आणि घड्याळ लावून एका मिनिटातल्या लुकलुकी मोजाव्यात. आकडा ३२०० असेल, तर मिनिटाला एक लुकलुकी म्हणजे जवळपास १९ वॉट. दहा लुकलुकी झाल्या तर ती वस्तू १९० वॉटच्या आसपास खाते आहे असे समजावे. १६०० असेल, तर याच्या दुप्पट धरावे.

आपल्या जुन्या लोखंडी कूलरचा मला पहिला संशय आहे. अशा कूलरची मोटर एकदा जळली की ती स्वस्तात रिवाइंडिंग करून बसवली जाते, तारेची जाडी आणि फेरे बदलतात, आणि १९० वॉटची मोटर ३०० वॉट घेऊ लागते. हवा तेवढीच येते, मोटर फक्त तापते. बारा तासांच्या वापरात हा फरक महिन्याला चाळीस युनिटांचा होतो. कंडेन्सर खराब झाला असेल तर पंखा हळू फिरतो आणि आपल्याला वाटते की आजच ऊन जास्त आहे. तो बदलायला शंभर-दोनशे रुपये पुरतात, नवी तांब्याची मोटर मात्र दीड-दोन हजारांपर्यंत जाते.

कूलर हा आपल्या हवेसाठी योग्य यंत्र आहे, हे मी आग्रहाने सांगेन. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची दुपारची हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या बाजूंना लावलेल्या ओल्या ताट्यांतून जाताना तिचे तापमान दहा-बारा अंशांनी सहज उतरते. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून जी उष्णता ओढून घेते, ती विजेच्या भाषेत युनिटच्या दोन-तृतीयांशाइतकी भरते. म्हणजे थंड करण्याचे काम पाणी करते, वीज लागते ती फक्त हवा ढकलायला. मात्र आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. पुष्कळ घरांत कूलर लावून दारे-खिडक्या गच्च बंद करतात, मग तासाभरात खोली दमट होते, अंग चिकट होते आणि कूलर अजून मोठा हवा असे वाटू लागते. कूलरच्या समोरच्या भिंतीतली खिडकी वीतभर उघडी ठेवावी. कूलर खोलीच्या आत ठेवला असेल तर तो खिडकीबाहेर सावलीत न्यावा, कारण आत ठेवलेला कूलर तीच तीच ओली हवा फिरवत राहतो.

आता वीज वाचवण्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट सांगतो. लोखंडी कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात आपल्या भागात माणसे जातात. पाणी भरताना फक्त बटण बंद करून चालत नाही, पिन सॉकेटमधून काढावी. घराची अर्थिंग मे महिन्यात तपासून घ्यावी, कारण काळी माती वाळून भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्याची मातीवरची पकड सुटते आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग नेमकी कूलरच्या दिवसांत निकामी होते. त्या खड्ड्यात दर दोन दिवसांनी एक बादली पाणी ओतावे, ते भांडी विसळलेले असले तरी चालते. मुख्य स्वीचजवळ ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्वीच, बसवला, तर गळती होताच क्षणात पुरवठा बंद होतो. आपल्या बारा हजारांतला पहिला खर्च मी हाच धरीन.

प्रतिसाद २ (धान उत्पादक शेतकरी, सिंदेवाही तालुका)

ताईंनी कवेलू काढून पत्रे टाकले, तसे आमच्या गावातही अर्ध्याहून अधिक घरांनी केले, त्यामुळे ही व्यथा ओळखीची आहे. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जात असे आणि माती स्वतःही हळू तापत असे. टिनाला यांतले काहीच जमत नाही. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवताना दिसतो, पण जी उष्णता त्याने घेतली ती तो वरच्या बाजूने सहजासहजी सोडत नाही, म्हणून हात लावला तर चटका बसतोच.

मी केलेला उपाय असा. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बुरुडाकडून विणून घेतलेले बांबूचे तट्टे बांधले आणि त्यांना खालून शेण-मातीचा लेप दिला. दोन्ही टोकांना पत्रा व तट्टे यांच्यामधली जागा जाळी लावून मोकळी ठेवली, म्हणजे मधली तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. ही मोकळी जागा बुजवली तर उपयोग निम्म्यावर येतो. तट्टे बांधल्यानंतर त्या खोलीत दुपारी बसता येऊ लागले, पूर्वी तिथे फक्त पोती ठेवत होतो.

पत्र्यावर धानाचे तणस किंवा पऱ्हाट्या पसरणारेही पुष्कळ आहेत. त्याने गारवा निश्चित येतो, पण मे महिन्यातले तणस म्हणजे आगीला आमंत्रण आहे, विशेषतः चुलीचे धुराडे त्याच पत्र्यातून वर गेले असेल तर. आमच्या शेजारच्या पाड्यात अशी एक गोठ्याची आग मी डोळ्यांनी पाहिली आहे. तणस टाकू नये. त्याऐवजी बांबूचे खांब उभारून पत्र्याच्या दोन हात वर हिरवी जाळी ताणावी.

प्रतिसाद ३ (निवृत्त स्थापत्य अभियंता, वर्धा)

पुढच्या दोन खोल्यांच्या स्लॅबविषयी लिहितो, कारण रात्रीच्या त्रासाचे मूळ तिथे आहे. चार-पाच इंच जाडीचे काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहते आणि ती उष्णता खालच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचायला काही तास लागतात. म्हणून दुपारी दोनला जी खोली सुसह्य असते, ती रात्री नऊला भट्टी होते. त्या वेळी छताचा पंखा लावला की छताखालची तीच गरम हवा आपण अंगावर ओढून घेतो. मातीच्या दीड हात भिंतींतही उष्णता साठते, पण त्या इतक्या जाड असतात की दुसऱ्या दिवसाची पहाट होईपर्यंत आत फारसे काही पोहोचत नाही. मे महिन्याच्या दुपारी सेवाग्रामच्या बापूकुटीच्या ओसरीत बसलेल्या माणसाला माती, बांबू आणि कवेलू काय करू शकतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

स्लॅबला पांढरा चुना द्यावा. कोरा, शेवाळाने काळवंडलेला स्लॅब उन्हाचा फार मोठा भाग शोषतो. तोच पांढराशुभ्र केला तर बहुतेक ऊन तो आल्या वाटेने परत पाठवतो. खोलीतले तापमान यामुळे दोन ते पाच अंशांनी उतरते, असा अनुभव अनेक ठिकाणचा आहे. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरण आणले आणि अहमदाबादने २०१३ पासूनच्या उष्माघात कृती आराखड्याच्या कामात अशा छतांना पुढे स्थान दिले, त्यावरून हा घरगुती उपाय किती गांभीर्याने घेतला जातो ते कळेल.

पद्धत चुकली तर चुना आठ दिवसांत भुकटी होऊन उडतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आधी स्लॅब तारेच्या ब्रशने घासून, झाडून, धुऊन घ्यावा. भेगा असतील तर त्या पांढऱ्या सिमेंटने भराव्यात. चुना आदल्या दिवशी पिंपात भिजवून रात्रभर मुरू द्यावा. तो भिजताना उकळतो, त्यामुळे मुलांना दूर ठेवावे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय तो ढवळू नये. सकाळी फडक्यातून गाळून त्यात रंगकामाचा डिंक मिसळावा आणि तो ताकाइतका पातळ करावा. देण्याची वेळ संध्याकाळी ऊन उतरल्यावरचीच ठेवावी. स्लॅब ओला करून कुंचीने पहिला हात द्यावा, दुसरा हात दुसऱ्या संध्याकाळी आडवा द्यावा, आणि शक्य असेल तर तिसराही द्यावा. तापलेल्या कोरड्या स्लॅबवर चुना ओढला की त्यातले पाणी लगेच उडते आणि तो धरतच नाही. आपल्या दोन खोल्यांना मजुरी धरून दीड-दोन हजारांपेक्षा अधिक खर्च येऊ नये. पावसाळ्यात चुना बराचसा धुऊन जाईल, म्हणून पुढच्या मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागेल. टिनावर मात्र चुना टिकत नाही, तिथे प्रायमर लावून पांढरा रंगच द्यावा.

काही लोक संध्याकाळी स्लॅबवर बादल्यांनी पाणी मारतात. त्याने उतार पडतो, परंतु नळ तिसऱ्या दिवशी येणाऱ्या गावात ते पाणी कूलरसाठी आणि माणसांसाठी राखावे, असे माझे मत आहे.

पश्चिमेच्या भिंतीकडेही पाहावे. दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन छज्जाखालून सरळ आत येते. त्या खिडकीवर आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून तट्टा किंवा तरट टांगावे, कारण काचेतून एकदा आत आलेले ऊन पडद्यावर पडले तरी खोलीतच राहते. सकाळी आठ-साडेआठला खिडक्या बंद कराव्यात आणि संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सर्व उघडाव्यात. कूलर चालू असताना हवा बाहेर जाण्यासाठी जी वीतभर खिडकी उघडी ठेवायची, ती सावलीच्या बाजूची निवडावी.

शिक्षिका, वणी तालुका, १० मे

सर्वांचे मनापासून आभार. वायरमनभाऊंच्या सांगण्यावरून मी आणि माझ्या मुलीने काल मीटरचे दिवे मोजले. आमच्या मीटरवर ३२०० हाच आकडा आहे. जुन्या कूलरच्या मिनिटाला १६ लुकलुकी झाल्या, म्हणजे तो ३०० वॉट घेतो आहे. मुलीने तीन वेळा मोजून वहीत लिहिले आणि तीनही वेळा आकडा तोच आला.

मग अर्थिंगचे वाचून टेस्टर कूलरच्या पत्र्याला लावला, तर आतला दिवा मंदसा पेटला. हाच कूलर माझा आठ वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी बादलीने भरत होता. तेव्हापासून तो कूलर बंद आहे आणि आज तालुक्याहून वायरमन येणार आहे. भाऊ, आपण ते लिहिले नसते तर आम्ही बिलाचाच हिशेब करत बसलो असतो.

दोन शंका राहिल्या आहेत. मामाजींचे वय ७८ आहे आणि वीज वाचवायची म्हणून ते स्वतःच दुपारी कूलर बंद करून पंख्याखाली पडतात. त्यांना काय सांगावे? आणि कूलरला दिवसाला तीन-चार बादल्या पाणी लागते, ते कमी कसे करावे?

प्रतिसाद ४ (आरोग्य सेविका, मूल तालुका)

आजोबांच्या बाबतीत कृपया विजेचा हिशेब बाजूला ठेवावा. साठीनंतर तहान कमी जाणवते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबाच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर शरीरातले पाणी लवकर घटते. अशा माणसाला "मला काही होत नाही" असे खरोखरच वाटत असते, आणि दोन तासांनी तो बरळू लागतो. खोलीतले तापमान चाळीसच्या पुढे गेले की नुसता पंखा अंग गार करत नाही, उलट गरम हवा अंगावर फेकून शरीर तापवतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही हाच सल्ला आहे. म्हणून टिनाच्या खोलीत दुपारी त्यांना पंख्याखाली झोपू देऊ नये. बारा ते पाच या वेळेत घरातल्या सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच कूलरसमोर बसावे. यात आजोबाही सुरक्षित राहतात आणि दुसरा कूलर व दोन पंखे बंद राहतात. त्यांना "कूलर बंद करू नका" असे सांगण्यापेक्षा "मुलांजवळ बसा" असे सांगितले तर ते ऐकतील, हा माझा घरोघरचा अनुभव आहे.

वीज गेली तर ओला पंचा मानेवर, काखेत आणि अंगावर फिरवून हाताने वारा घालावा. पन्हे, ताक, ज्वारीची आंबील थोड्या थोड्या वेळाने द्यावी. अंग तापून कोरडे पडले किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर अंगावर पाणी शिंपडत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, थांबून पाहू नये.

कूलरच्या पाण्याबाबत इतकेच सांगते की दर आठवड्याला एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. काढलेले पाणी झाडांना घालावे.

प्रतिसाद ५ (कापूस उत्पादक, अकोट तालुका)

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. एसीला सरसकट नकार देणे मला पटत नाही. गेल्या वर्षी आम्ही १० बाय १० च्या खोलीत एक टनाचा इन्व्हर्टर एसी बसवला. छताला चुना दिलेला आहे, पश्चिमेला खिडकी नाही, एसी २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा हळू चालतो, आणि रात्रीच्या सहा तासांत चार-साडेचार युनिट लागतात. एसीचे तापमान एक अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो, आणि २०२० पासून नव्या एसींची आरंभीची नोंद २४ अंशांवरच असते. लोक मात्र खोली लवकर गार व्हावी म्हणून ती १८ वर आणतात, आणि त्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त थांबायचे विसरते. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात कूलरचा काहीच उपयोग नसतो, तेव्हा आमच्या वृद्ध आईला एसीनेच झोप लागली.

परंतु ताईंच्या आत्ताच्या स्लॅबखाली दीड टनाचा एसी बसवला, तर तो रात्रभर थांबणार नाही आणि महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट सहज खाईल, हेही तितकेच खरे आहे. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि वरच्या टप्प्यातले प्रत्येक युनिट खालच्यापेक्षा बरेच महाग पडते. आज आपण ३०० च्या आत आहात, ती रेषा ओलांडू नये. आधी छत, मग एसीचा विचार, हा क्रम मला मान्य आहे.

पुढच्या वर्षी पैसा जमला तर छतावरील सौर संचाचा विचार करावा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे एकूण ७८ हजारांपर्यंत केंद्राचे अनुदान मिळते. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो. उंच सांगाड्यावर बसवलेल्या पॅनेलांची सावली स्लॅबवर पडते, हा फायदा कोणी सांगत नाही, पण आमच्या खालच्या खोलीत तो स्पष्ट जाणवला. एक गोष्ट आधी समजून घ्यावी: बॅटरी नसलेला साधा संच वीज गेली की बंद होतो, त्यामुळे भारनियमनाच्या वेळी त्यावर घर चालेल अशी अपेक्षा ठेवू नये.

वायरमन, आर्णी

ताई, मुलाचे वाचून मन दचकले. कूलर बंद ठेवला हे उत्तम केले. मोटर बदलतानाच पंप आणि वायरही पाहून घ्यावी, कारण बहुतेक वेळा गळती पंपाच्या भिजलेल्या जोडातून होते.

पाणी कमी लागावे यासाठी कूलर सावलीत ठेवावा आणि टाकीवर झाकण असावे. ऊन पडलेला पत्रा टाकीतले पाणी नुसते तापवतो. ताट्यांवरची वरची पन्हळ साफ करावी, म्हणजे पाणी सगळीकडे सारखे झिरपते. ताटी एका बाजूने कोरडी राहिली की तिथून गरम हवा थेट आत येते आणि आपण पंखा वाढवतो. आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्याने ताट्या दगडासारख्या कडक होतात, त्या दरवर्षी नव्या घालाव्यात. पाण्याच्या वापरात याहून मोठी बचत एकच आहे, आणि ती म्हणजे कूलरचे तास कमी करणे.

लहानसहान गोष्टींपैकी तीनच सांगतो. झिरोचा बल्ब शून्य वीज घेत नाही, जुना असेल तर १२ ते १५ वॉट घेतो. टीव्ही बंद करून सेटटॉप बॉक्स चालू राहिला तर तो दहा वॉट धरला तरी महिन्याला सात युनिट जातात. फ्रीज टिनाखालच्या स्वयंपाकघरात असेल तर तो पुढच्या खोलीत सावलीच्या भिंतीला, पण भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा, आणि पिण्याचे पाणी माठात ठेवावे, म्हणजे दार दिवसातून तीस वेळा उघडले जाणार नाही. पंखे बदलायचेच झाले तर सर्वांत जास्त तास चालणारा एक आधी बदलावा. जुना पंखा ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० च्या आसपास घेतो, शिवाय कमी दाबाच्या विजेवरही तो नीट फिरतो.

शिक्षिका, वणी तालुका, ६ जून

जे केले ते कळवते. अर्थिंगचा खड्डा उकरून नवा केला, आरसीसीबी बसवला, जुन्या कूलरला तांब्याची मोटर आणि नवा पंप घातला. आता त्याच्या मिनिटाला दहा लुकलुकी होतात आणि टेस्टर पेटत नाही. १४, १५ आणि १६ मे या तीन संध्याकाळी आम्ही चौघांनी मिळून स्लॅबला चुना दिला. पहिल्या संध्याकाळी घाई करून पाणी न मारताच सुरुवात केली, तेवढा कोपरा दुसऱ्या दिवशी पायाला लागून निघाला, तो पुन्हा करावा लागला. मामाजींच्या खोलीत तट्टे बांधून घेतले. लेप त्यांनी स्वतः उभे राहून, मातीत किती शेण घालायचे ते सांगत लावून घेतला, आणि दोन दिवस घरात त्यांचाच आवाज होता. मुलांच्या खोलीत एक बीएलडीसी पंखा घेतला. सर्व मिळून ११,४०० रुपये लागले.

रात्री दहा वाजता पुढच्या खोलीत भिंतीवरचा तापमापक चुना देण्यापूर्वी ३८ दाखवत असे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, बाहेर आधीपेक्षा कडक ऊन असतानाही, तो ३५ च्या वर क्वचित गेला. तीन अंश ऐकायला थोडे वाटतात, पण मुले रात्री उठून बसायची थांबली. जुना कूलर आता बाराऐवजी नऊ तास चालतो. दुपारी सगळे पुढच्या खोलीत बसतो आणि रात्री वारा असेल तर मामाजी व मुले अंगणात बाजेवर मच्छरदाणी लावून झोपतात.

मीटरचा आकडा मुलगी रोज सकाळी सातला वहीत लिहिते. १६ मे ते ५ जून या वीस दिवसांत १२८ युनिट झाले, म्हणजे दिवसाला ६.४. आधी ते दिवसाला नऊच्या जवळ होते. बिलावरच्या तक्त्यात गेल्या वर्षीच्या याच महिन्याचा वापर २७४ दिसतो.

एसी या वर्षी घेतला नाही. टिनाच्या स्वयंपाकघराचे काम अजून बाकी आहे, तिथे दुपारी चूल-शेगडी पेटवणे बंद करून सकाळी आठच्या आत स्वयंपाक उरकते.

मृग आता दोन दिवसांवर आला आहे. पाऊस सुरू झाल्यावर कूलरचे काय करावे, पाण्याविना चालवावा की ठेवून द्यावा?

वायरमन, आर्णी

पहिले एक-दोन पाऊस पडून पुन्हा ऊन तापले तर पाण्यासह चालू द्यावा. हवा दमट होऊन अंगाला चिकचिक वाटू लागली की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, तो छतपंख्यापेक्षा बरा वाटतो कारण बाहेरची हवा आत आणतो. त्यानंतर ठेवून देताना ताट्या काढून जाळाव्यात किंवा खतात टाकाव्यात, पुढच्या वर्षासाठी जपू नयेत. टाकी आतून तारेच्या घासणीने कडांपर्यंत घासावी, कारण डासांची अंडी कोरड्या पत्र्याला चिकटून कित्येक महिने तग धरतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी लागताच फुटतात. मग टाकी उन्हात दोन दिवस वाळवून, आतून रेड ऑक्साईडचा हात देऊन, पंप काढून घरात ठेवावा. मोटरच्या बेअरिंगला दोन थेंब तेल आत्ताच घालावे, फेब्रुवारीत ती अडकलेली सापडणार नाही.